कळमनुरीच्या अंगणातले लिंबू

भाद्रपदातल्या एखाद्या सकाळी नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या एसटीत आपण बसलात, तर खिडकी डावी मिळाली की उजवी याची खंत करू नये. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की वारंगा फाटा, आखाडा बाळापूर आणि पुढे कळमनुरीपर्यंत दोन्ही बाजूंना सारखीच काळी माती आणि तिच्यावर सोयाबीन, कापूस, तूर आणि मधूनमधून कमरेएवढी वाढलेली हळद दिसते. या दिवसांत फिकट पिवळी फुलपाखरे गाडीच्या काचेपुढून वाऱ्यावर उडालेल्या कागदाच्या कपट्यांसारखी रस्ता ओलांडत असतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला आणि कळमनुरी त्यातला एक तालुका. प्रवासी औंढ्या नागनाथाला जातात, नामदेव महाराजांच्या नर्सीला जातात. कळमनुरीत मुद्दाम पाहायला म्हणून कोणी उतरत नाही. मीही त्यासाठी उतरले नव्हते.

माझी आत्या तेथे राहते. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात तिचा पाय घसरला आणि मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, डॉक्टरांनी वॉकर घेऊन रोज चालायला सांगितले. आत्या मात्र उंबऱ्याबाहेर आली नाही. खाट, न्हाणीघर, देवघर एवढेच तिचे जग उरले. ज्यांनी घरात असे पडणे पाहिले आहे, त्यांना हे नवे नाही. हाड सांधते, पण भीती अंगात मुरून बसते. यंदा महालक्ष्म्या उठल्यावर वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नांदेडला जाणार होत्या. शाळेतून निवृत्त झालेली मीच काय ती रिकामी, म्हणून मी त्यांच्या जागी आले.

अंगणात एक लिंबाचे झाड आहे. डोक्याच्या वर गेलेले, काटेरी, फळांनी लगडलेले. आत्या पडली ती त्याच्याच बुंध्याशी, त्यामुळे त्या झाडाकडे ती पाहतही नसे. तिसऱ्या दिवशी लिंबू तोडायला गेले तेव्हा कोवळ्या पानांवर मला पक्ष्यांची विष्ठा दिसली, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पुसायला बोट नेले तर ती हलली. त्या अळ्या होत्या, एकूण पाच. दादा शेतातून आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, ‘‘उद्या पंप आणतो, दोन फवाऱ्यांत साफ होतील.’’ जन्मभर कापूस केलेल्या माणसाचे हे उत्तर. त्यात चूक काहीच नव्हती. लहान रोपावर या अळ्या चढल्या तर ते निष्पर्ण करून टाकतात. पण हे झाड जुने होते, पाच अळ्यांनी त्याचे काही बिघडणार नव्हते. शिवाय खाली पडलेली लिंबे घरात वापरली जातात. मी दादांकडे चार आठवड्यांची मुदत मागितली. आतून आत्याचा आवाज आला, ‘‘कसली अळी हाय? बोंडअळी का?’’

मी एक पान तोडून अळीसकट तिच्या खाटेवर नेले. आत्याने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी पान उचलू लागले तशी म्हणाली, ‘‘राहू दे थोडं. खायलंय बिचारं.’’

ही लिंबू फुलपाखराची अळी. मादी फुलपाखरू लिंबू, मोसंबी, बेल, कढीपत्ता अशा झाडांच्या कोवळ्या पानांवर एकेक करून टाचणीच्या डोक्याएवढी फिकट पिवळी अंडी घालते. झाड ओळखण्यासाठी ती पानावर पाय आपटते, कारण फुलपाखराला पायांनी चव कळते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. पहिले काही दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेचे सोंग घेते, कारण विष्ठा कोणताच पक्षी खात नाही. अंग वाढले की हे सोंग पुरत नाही. मग शेवटची कात टाकून ती पानाच्या रंगाची हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दोन फाट्यांचे लालसर शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. आत्याने ते मुद्दाम दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा नाक मुरडून हसली. तिच्या त्या हसण्याची मला सवय राहिली नव्हती.

रोज पान तोडून आणणे काही खरे नव्हते, अळीचे हाल होत होते. चौथ्या दिवशी मी खुर्ची उंबऱ्याशी ठेवली, त्यानंतर ओसरीवर. आठवड्याने, चांगले ऊन पडलेल्या एका सकाळी, लिंबापासून हातभर अंतरावर. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आदल्या दिवशी दादांनी अंगणातली शेवाळ खराट्याने घासून काढली होती आणि वाटेवर वाळू टाकली होती. आत्याच्या पायात सैल चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या चपला होत्या, हातात वॉकर होता आणि मी तिच्या अर्धे पाऊल मागे होते. भीती घालवायची असेल तर आधी ती ज्या कारणाने बसली ते दूर करावे लागते. नुसत्या ‘काही होत नाही’ने भागत नाही.

दुपारी आत्या झोपली की मी गावात आणि गावाबाहेर फिरून येई. कयाधूच्या बाजूला जाणाऱ्या वाटांवर रुईची झुडपे माजलेली असतात. शनिवारी मारुतीसाठी हार करायला आपण रुईची पाने तोडतो, पण ती उलटी करून सहसा पाहत नाही. पानांवर पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी सापडेल. ती रुईचा विषारी चीक पचवते आणि तेच विष अंगात साठवते. तिचे केशरी फुलपाखरू म्हणूनच इतके निवांत उडते, कारण एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या एका जातीची मादी विष नसतानाही हुबेहूब त्याच रंगाची असते आणि फुकटात बचावते. या केशरी फुलपाखराची चित्रे इजिप्तमधील तीन हजार वर्षांहून जुन्या थडग्याच्या भिंतीवर सापडली आहेत. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, ‘‘तिकडं पण रुई हाय व्हय?’’ प्रश्न अगदी बरोबर होता. अळीचे झाड नसेल तिथे फुलपाखरू कुठून येणार!

शेजारच्या आंब्यावर बांडगूळ आहे. आंबेवाल्याला ते नकोसे, पण एका सुंदर फुलपाखराची अळी त्यावरच वाढते. वरून पाहिले तर ते पांढरे-काळे आणि साधे. पंख मिटून बसले की खालची बाजू हळदीसारखी पिवळी आणि कडेला कुंकवाच्या बोटांसारखे ठिपके दिसतात. मराठीत त्याला हळदीकुंकू असेच म्हणतात. एका दुपारी ते अंगणातल्या झेंडूवर उतरले. मी नाव सांगितले. आत्याचे यजमान जाऊन सोळा वर्षे झाली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मला आता कोण देतंय हळदीकुंकू. हे आपलं येऊन गेलं.’’ महालक्ष्म्यांच्या त्या दिवसांत घरी येणाऱ्या बायकांपैकी किती जणी तिच्यासमोर थबकून पुढे गेल्या असतील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. (राज्य फुलपाखराचा मान २०१५ पासून निळ्या-काळ्या राणी पाकोळीला आहे. तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते, पण तिचा वावर सह्याद्रीकडे अधिक. कळमनुरीत मला ती दिसली नाही.)

रात्री ओसरीतला दिवा लावला की पतंग येत. पतंग ज्योतीवर प्रेम करतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मात्र वेगळेच दिसले. रात्री आकाशाची बाजू जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात. दिवा जवळ आला की पाठ दिव्याकडे वळते, वर-खाली कळेनासे होते आणि बिचारे त्याच्याभोवती फिरत राहतात. प्रेम नव्हे, ती तोल जाण्याचीच गोष्ट आहे. आत्याने हे फार लक्ष देऊन ऐकले आणि दिवा घालवायला सांगितला.

दादांचे आणि पतंगांचे नाते जुने, आणि ते वैराचे आहे. गुलाबी बोंडअळीचा पतंग नखाएवढाही नसतो. रंगाने करडा, दिसायला निरुपद्रवी. पण २०१७ च्या हंगामात त्याच्या अळीने महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांचे कंबरडे मोडले. अळी बोंडात शिरली की बाहेरून काही कळत नाही आणि फवाऱ्याचे औषधही तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. मादी पतंग अंधारात गंध सोडते आणि नर तो मिशांनी हुंगत दुरून येतो. सापळ्यातल्या ल्यूरला तोच गंध कृत्रिमरीत्या दिलेला असतो. नर फसतो, आणि सापळ्यात रोज किती पतंग पडले हे मोजून फवारणी कधी करायची ते ठरते. दादा हे सांगत असताना आत्या मध्येच म्हणाली की तिच्या तरुणपणी बायका कापूस वेचताना किडकी बोंडे वेगळ्या फडक्यात बांधत. मग तासभर ती बोलतच राहिली. दादांनी आईला इतके बोलताना दोन वर्षांत ऐकले नव्हते.

सगळ्याच अळ्या हातावर घ्यायच्या नसतात. शेवग्याच्या खोडावर पुंजक्याने बसणारे केसाळ सुरवंट आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचा केस अंगाला लागला तर चोळू किंवा खाजवू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे केस निघून येतात, मग साबण-पाण्याने धुवावे. केस डोळ्यात गेला, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपायात वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावे. दिव्याखाली मरून पडलेले पतंग कोरड्या झाडूने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपावेत. घरात कोणाला दमा असेल तर विशेषच, कारण पंखांची भुकटी हवेत उडते.

आता लिंबाकडे परत येते. पाचांपैकी दोन अळ्या बुलबुलांनी नेल्या. एक कुठे गेली ते कळले नाही. उरलेल्या दोन पितृपक्षात एकाच सुमारास खायच्या थांबल्या आणि अस्वस्थपणे भटकू लागल्या. एकीने लिंबाच्याच फांदीवर कोश केला. दुसरी सकाळी दिसेना. शोधशोध केल्यावर ती आत्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या हाताखाली सापडली. शेपटाकडून खुर्चीला चिकटलेली, आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा. शिंदीवर चढणारा माणूस दोराला रेलून राहतो, अगदी तशी. दुसऱ्या दिवशी तिथे फक्त कोश होता.

झाले, खुर्ची हलवायची नाही! आत्याचा हुकूम सुटला. आतापर्यंत आम्ही खुर्ची तिच्याजवळ नेत होतो. आता तिलाच खुर्चीपर्यंत जावे लागणार होते. उंबऱ्यापासून अकरा पावले. ती रोज दोनदा जाऊ लागली, सकाळी आणि उन्हे कलल्यावर. पाऊस आला तर मी खुर्चीवर छत्री बांधून ठेवी. शेजारच्या मुलांना हे मोठे गमतीचे वाटे.

आठ-नऊ दिवसांनी फांदीवरचा कोश काळसर पडला आणि त्याच्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली. त्यांतून मुंगीएवढ्या चकचकीत माश्या बाहेर पडत होत्या. ही परोपजीवी जात नुकत्याच झालेल्या मऊ कोशात अंडी घालते आणि तिची पिल्ले कोश आतून पोखरून खातात. आत्याला सांगावे की नाही, या विचारात मी दुपार घालवली. संध्याकाळी तिनेच पाहिले. छिद्रांवरून बोट फिरवत म्हणाली, ‘‘किडलं. बोंडाला असंच असतंय.’’ आणि खुर्चीखाली वाकून दुसऱ्या कोशाला छिद्र आहे का ते तपासले. ती वाकली, स्वतःहून, एका हाताने वॉकर धरून. मी श्वास रोखून उभी होते.

तिसऱ्या माळेच्या पहाटे कोशाच्या सालीतून आतले पिवळे-काळे ठिपके दिसू लागले. आठच्या सुमारास पाठीवर भेग पडली. बाहेर आलेले फुलपाखरू चुरगाळलेल्या फडक्यासारखे होते. ते खुर्चीच्या पायाला धरून लोंबकळले आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलू लागले. फडके उलगडत गेले. त्याने मळकट रंगाचे दोन थेंब टाकले, तेव्हा आत्या घाबरली. कोशातल्या मुक्कामात साठलेला तो मळ असतो, त्यात काळजीचे काही नाही. पंख वाळायला तासाभराहून अधिक वेळ लागला. आत्या या खेपेला खुर्चीवर बसू शकत नव्हती, खुर्ची तर फुलपाखराची झालेली. ती वॉकरला धरून उभी राहिली, मग ओसरीच्या पायरीवर बसली, मग पुन्हा उभी राहिली. शेवटी ते उडाले, पहिल्यांदा लिंबावर आणि मग भिंतीपलीकडे.

वहिनी दसऱ्याला आल्या. बाळाचे फोटो पाहून झाल्यावर त्यांनी सवयीने खुर्ची आत आणून खाटेशी ठेवली. आत्या म्हणाली, ‘‘ती तिकडंच राहू दे, लिंबापाशी. त्या वरच्या पानावर अजून एक अंडं हाय, मला दिसलंय.’’