कादंबरीची कीर्द-खतावणी

लेखकाला प्रतिभा लागते, असं आम्हांला शाळेत शिकवलं. प्रतिभेच्या जोडीला वहीही लागते, हे मात्र कोणी सांगितलं नाही. पुढे बी.कॉम.ला आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद हा क्रम डोक्यात असा काही ठोकून बसवला गेला, की जगातलं कोणतंही काम या चार पायऱ्यांशिवाय होतं यावर माझा विश्वासच बसत नाही. मग कादंबरी तरी कशी होईल? दोनशे माणसं, त्यांची लग्नं, भांडणं, मृत्यू, इस्टेटी! आमच्या शाखेत एवढी खाती असती तर दोन जादा क्लार्क मागितले असते.

म्हणून मोठमोठे लेखक हा व्याप कसा सांभाळतात, याची मी थोडी तपासणी केली. तपासणी हा आमचा शब्द. ती केली की कुठे ना कुठे फरक निघतोच.

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो इंग्लंडातला अँथनी ट्रोलोप. कारण उघड आहे: माणूस नोकरदार, पोस्टखात्यातला. पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. रोज किती पानं झाली ते डायरीत मांडायचं. एखादा आठवडा आळसात गेला, की कोरा रकाना डोळ्यांत खुपायला मोकळा. पहाटे उठवायला ठेवलेल्या नोकराला वर्षाला ५ पौंड जादा. या हिशेबानं त्यानं ४७ कादंबऱ्या लिहिल्या, तेही बरीच वर्षं नोकरी सांभाळून! हे सगळं त्यानं आत्मचरित्रात सांगून टाकलं. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ते छापून आलं आणि रसिकांनी नाकं मुरडली. पोटासाठी तासावर लिहितो तो कसला लेखक! प्रतिभेनं मस्टरवर सही केलेली लोकांना खपत नाही.

पी. जी. वुडहाउस तर आमच्या थेट जातीचा. १९०० ते १९०२ अशी दोन वर्षं तो लंडनच्या एका बँकेत होता. कोऱ्या करकरीत लेजरचं पहिलं पान पाहून त्याला राहवेना, आणि त्यानं त्यावर विनोदी मजकूर लिहिला, असं तोच सांगतो. मग घाबरून पान कापून टाकलं. असा माणूस बँकेत टिकला नाही याचं नवल नाही. नवल पुढेच आहे. वाचताना वाऱ्यावर लिहिल्यासारख्या वाटणाऱ्या त्याच्या कादंबऱ्यांना आधी ४०० पानांची टिपणं लागत. म्हणजे कच्ची वही पक्कीपेक्षा जाड!

अगाथा ख्रिस्तीबाईंची तऱ्हा निराळी. त्यांच्या ७३ वह्या सापडल्या आहेत, आणि त्यांत शिस्त औषधालाही नाही. हाताला येईल ती वही उघडायची, मोकळं दिसेल त्या पानावर लिहायचं. एका पानावर विष, तर दुसरीकडे घरातल्या सामानाची यादी. खुनी कोण हेही कधी कधी बाईंचं आधी ठरलेलं नसे. आमच्या हिनं हे ऐकून वाण्याच्या यादीची वही माझ्यापुढे टाकली. “यातून निघतंय का बघा काही.” निघालं. मागच्या महिन्याची उधारी निघाली.

विल्यम फॉकनरनं तर वहीची भानगडच ठेवली नाही. १९५४ साली आलेल्या कादंबरीचा आराखडा त्यानं आपल्या खोलीच्या भिंतींवरच वारांनिशी लिहून काढला. तो आजही तिथे आहे. स्वतःच्या मालकीचं घर असण्याचे हे फायदे. भाड्याच्या जागेत राहणाऱ्यानं लघुकथाच लिहावी.

व्लादिमीर नाबोकोव कार्डांवर लिहायचा. पत्ते पिसावेत तशी कार्डं पुढेमागे करता येतात. १९७७ साली तो गेला तेव्हा एक कादंबरी अर्धवटच, १३८ कार्डांवर राहिली होती. “जाळून टाका,” असं तो सांगून गेला होता. बायकोचा हात धजला नाही. मुलानं बरीच वर्षं विचार केला आणि २००९ साली ती कार्डं छापली.

हे वाचून मी नाबोकोवच्या मुलाला मनातल्या मनात नावं ठेवली असती. पण गेल्या वर्षी आमच्या शाखेतले जुने हेडकॅशियर वारले, आणि काकूंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर बँकेच्या अकरा डायऱ्या रचलेल्या.

“तू लिहितोस ना काहीबाही? बघ जरा. रद्दीवाला रविवारी येतोय.”

रिटायर झाल्यावर कादंबरी लिहिणार, हे काका आम्हांला कॅश टॅली करता करता सांगायचे. कोकणातल्या एका घराच्या चार पिढ्या. डायऱ्यांत सगळं होतं: घराचा नकाशा, पात्रांच्या जन्मतिथी, कोणत्या साली तांदूळ काय भावानं होता, कोणाचं कोणाशी वाकडं. अक्षर कॅशियरचं, खाडाखोडीला आद्याक्षरी. नव्हतं ते फक्त कादंबरीचं पहिलं वाक्य.

पण सहाव्या डायरीपासून गंमत होत गेली. “आज हिचा ताप उतरला. नायिकेलाही उतरवावा.” पुढे, “ही रागावली की पदर खोचते. घ्यावं.” अकराव्या डायरीत चार पिढ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या. पानोपानी एकटी ‘ही’.

मी काकूंना ती पानं दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“एवढं बघत होते होय? मला वाटायचं, हिशेब लिहितायत.”

मग पदर खोचून डायऱ्या उचलल्या आणि कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवल्या.

बँकेत एखादी रक्कम येते, पण ती कोणाच्या खात्यावर घालायची ते कळत नाही. अशा वेळी ती ‘सस्पेन्स’मध्ये ठेवतात. मालक सापडला, की तिकडे वळती करतात. काकांच्या अकरा डायऱ्या इतकी वर्षं साहित्याच्या सस्पेन्समध्ये पडून होत्या. रविवारी रद्दीवाला येऊन गेला. नोंद योग्य त्या खात्यावर पडली होती.