पान उलटून बघा!

भुईआवळी बघितलीत का कधी? म्हणजे नीट? नाही ना! मग पायात चपला घाला आणि खाली या. सोसायटीच्या भिंतीलगत, मोगऱ्याच्या कुंडीत, फरशीच्या फटीत, पावसाळ्यात ती कुठेही उगवते! वीतभर रोप, बारीक पानांच्या दोन रांगा, वरून बघाल तर तण म्हणून उपटून टाकाल. थांबा! फांदी अलगद उलटी करा. दिसलं? फळं! पानापानाच्या बुडाशी एकेक, जेमतेम दोन मिलिमीटरचं, बारीकशा देठाला लोंबकळणारं, हिरवंगार, ओळीनं! वरून कुणाला पत्ता नाही आणि खाली हा एवढा संसार! आणि मग मी एक फळ नखानं फोडलं आणि आतल्या बिया मोजल्या, सहा, आणि मग दुसरं फोडलं तर त्यातही सहाच, आणि मग अंधार पडायला लागला आणि बघते तर काय, पानं मिटलेली, जोडीजोडीनं, रात्रीसाठी!

आणि ही आपल्या मोठ्या आवळ्याची सख्खी नातलग आहे! मोरावळ्याचा तो आवळा आणि हे पायाखालचं रोप, दोघंही फायलॅन्थस याच वंशातले! मला आधी कुणी कसं सांगितलं नाही!

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, वनस्पतिशास्त्र माझं शाळेबरोबरच संपलं. पण आता मला गप्प बसवत नाही. तुम्ही इथवर आलाच आहात, तर पुढेही चला!

कावीळ म्हटलं की भुईआवळी, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. वाटायची आणि दुधातून नाहीतर ताकातून द्यायची, अनशापोटी. हे मीही ऐकत आले. पण ती वाटी पोटात गेल्यावर आत नेमकं काय होतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग मी यकृताबद्दल वाचायला घेतलं आणि मग रात्रीचा एक कधी वाजला कळलंच नाही!

काय अवयव आहे हो! दीड किलोच्या आसपास वजन. आतड्यातून निघालेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जातं. म्हणजे आपण गिळलेलं जवळजवळ सगळं, भात, गोळी, काढा, दारू, विष, पहिल्यांदा यकृताच्या हाती! आणि ते एसजीपीटी! रक्ताच्या रिपोर्टवर आपण वर्षानुवर्षं बघतो ना? ते यकृताच्या पेशींच्या आतलं एन्झाइम आहे. पेशींना इजा झाली की ते बाहेर रक्तात सांडतं. तो आकडा म्हणजे सांडलेला माल! आणि १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत कापून काढलं, तर उरलेलं पुन्हा वाढलं! काही दिवसांत! मी हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

आता परत भुईआवळीकडे, कारण इथे एक नोबेलवाला माणूस येतो! बारूच ब्लूमबर्ग. हिपॅटायटिस बी चा विषाणू ज्यांच्या शोधामुळे हाती लागला, पुढे त्यावरची लसही ज्यातून आली, ते. १९७६चं नोबेल. आणि हे गृहस्थ मद्रासच्या एस. पी. त्यागराजन यांच्याबरोबर आपल्या भुईआवळीवर काम करत होते! १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. मुळं वगळून सबंध रोप वाळवायचं, दळायचं, कॅप्सूलमध्ये भरायचं, दोनशे मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तीस दिवस. हिपॅटायटिस बी चे वाहक असलेल्या ३७ जणांना भुईआवळी दिली, २३ जणांना नुसती दाखवायची कॅप्सूल. आणि मग रक्त तपासलं. भुईआवळीवाल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तात विषाणूची खूणच सापडेना! दुसऱ्या गटात? फक्त एक! मी खुर्चीवरून उठलेच!

आणि मग दोनच वर्षांनी, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, थायलंडच्या डॉक्टरांनी लिहिलं की आम्हीही करून बघितलं, आमच्याकडे तसं काही झालं नाही. नंतर इतरांनाही तो निकाल पुन्हा मिळाला नाही. माझं तोंड उतरलं, खोटं कशाला सांगू. पण मग वाटलं, किती छान आहे हे! एवढं मोठं नाव सोबत असूनही कुणी नुसती मान डोलावली नाही, पुन्हा रोप आणलं, पुन्हा दळलं, पुन्हा रक्त काढलं! आणि आपल्या काविळीचंही कोडं तिथेच सुटायला लागलं, कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते. औषध द्या, नका देऊ. मग ताकातल्या वाटीनं बरं वाटलं की वाटीशिवायही वाटलं असतं? हे घरात बसून कळायचं नाही. त्यासाठी ती दुसरी कॅप्सूल लागते, नुसती दाखवायची!

आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती दिसल्यापासून मी प्रत्येक बातमीत तीच शोधते. ‘अमुक वनस्पतीचा अर्क यकृताचं रक्षण करतो’ असं छापून येतं ना? ते बऱ्याचदा उंदरांवरचं असतं. ठीक आहे. पण क्रम बघा! आधी काही दिवस अर्क पाजतात, मग विष देतात, बहुतेक वेळा कार्बन टेट्राक्लोराइड नाहीतर पॅरासिटॅमॉलचा मोठा डोस. आधी अर्क, मग विष! माणूस दवाखान्यात येतो तो विष पोटात गेल्यावर. आधी कोण येतं हो! म्हणजे खरा प्रश्न असा की इजा सुरू झाल्यावर आलेली वनस्पती काही करू शकते का?

करू शकते, असं दिसतं! एक! बसा आता. ही गोष्ट युरोपातली आहे.

तिथे ओक वगैरेंच्या झाडाखाली एक अळंबी उगवते, डेथ कॅप. फिकट हिरवट टोपी, दिसायला साधीसुधी. एक टोपी मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरते. शिजवून विष जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काही म्हणजे काही होत नाही! मग उलट्या, जुलाब, मग जरा बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि आत यकृत संपत असतं. हे विष, अमाटॉक्सिन, यकृताच्या पेशीत शिरतं आणि पेशीला नवं प्रथिन बनवताच येत नाही. आणि शिरतं कुठून? पेशीच्या कातडीवर प्रथिनांची दारं असतात, त्यातल्या एका दारातून, जे खरं तर पित्ताच्या घटकांना आत घ्यायला असतं!

आणि मग येते मिल्क थिसल. काटेरी झुडूप, जांभळं फूल, हिरव्या पानांवर पांढऱ्या शिरांची जाळी. औषध मात्र फुलात नाही, पानात नाही, बीमध्ये! १९६०च्या दशकात म्युनिकमध्ये त्या बियांतून सिलिमारिन वेगळं काढलं गेलं. त्यातला मुख्य घटक सिलिबिनिन. आणि हा सिलिबिनिन करतो काय? ते दार अडवतो! गर्दीच्या लोकलमध्ये एखादा दारातच बॅग घेऊन आडवा उभा राहतो ना, तस्सा! विषाला आत शिरताच येत नाही!

पण विष तर आधीच शिरलेलं असतं ना? हाच तर कमाल भाग! अमाटॉक्सिन यकृतातून पित्तात उतरतं, पित्तातून आतड्यात, आणि आतड्यातून पुन्हा शोषलं जाऊन यकृताच्या दाराशी! गोल गोल फिरत राहतं! म्हणजे दार उशिरा अडवलं तरी पुढची फेरी चुकते! हे समजलं तेव्हा मी कागदावर बाण काढून काढून घरच्यांना समजावलं, एकदा जेवताना आणि एकदा चहाला.

म्हणून युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात, रुग्णालयात, बाकीच्या उपचारांसोबत. ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे बियांचा चहा करून प्यायलात तर हाती फारसं काही लागत नाही. शिरेतून देता यावं म्हणून ते रसायनानं विरघळणारं करून घ्यावं लागलं. आणि पुरावा अजून पक्का नाही. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसती बाटली, असं मरणाच्या दारातल्या माणसांवर कोण करणार? तरी मला विचाराल तर ‘यकृतासाठी चांगलं’ या गुळमुळीत वाक्यापेक्षा हे एक अडवलेलं दार हजारपटीनं मोलाचं आहे. कुठे, काय, कधी, सगळं सांगता येतं!

आणि एक गोष्ट धरून ठेवा, ही मी दंडाला धरून सांगतेय. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आठवतंय? २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकेल म्हटलं. पुढच्या वर्षी १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. झाडाचं आहे म्हणजे बाधत नाही, हे यकृताला मान्य नाही! त्याला वेलीचा रसही तपासायचाय आणि गोळीही. म्हणून डोळे पिवळे दिसले की आधी डॉक्टर, आणि काढा, चूर्ण, जे काय चालू असेल ते सगळं त्यांना सांगायचं. लाजायचं नाही!

आता पुढचं! कुटकी! आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत जिचा वाटा सगळ्यात मोठा, ती. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते, इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आलेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्या मुळांपासून पिक्रोलिव्ह नावाचा अर्क तयार केला गेला, त्यावरचे निबंध मी काल रात्री उघडलेत आणि पहिल्याच निबंधात मी काय शोधलं असेल सांगा! बरोब्बर! अर्क आधी दिला की विष आधी दिलं!