खाडीपलीकडचा कडा

नामपल्ली स्टेशनात रूळ संपतात. त्यांच्यापुढे पाणी नाही, हैदराबादची रहदारी आहे. जवळच बाग-ए-आम, आणि तिच्या पलीकडे नौबत पहाडाचा काळसर, उन्हात तापलेला ग्रॅनाइट. या खडकाच्या पायथ्याशी लाटा आपटत असत्या तर काय दिसलं असतं, हा विचार संध्याकाळी तिथून उतरताना माझ्या मनात हमखास येतो.

या शहराला समुद्राची भूक जुनीच आहे. १७६६च्या तहात निजामाने उत्तर सरकारचा किनारा इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं राज्य चहूबाजूंनी जमिनीत कोंडलं गेलं. इंग्रज जायला निघाले तेव्हा शेवटच्या निजामाने गोव्यातलं मुरगाव बंदर मिळवण्यासाठी पोर्तुगिजांशी वाटाघाटी चालवल्या होत्या. बंदर मिळालं नाही. सप्टेंबर १९४८मध्ये राज्यही राहिलं नाही. निजामाच्या राजवटीबद्दल मला जराही हळहळ नाही, पण नकाशावर बोट सरकवत समुद्रापर्यंत पोहोचू पाहणारी ती ओढ मला कळते. माझं बोट मात्र मुरगावच्या वर, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाशी जाऊन थांबतं. तिथे तेरेखोल आहे.

गोव्याची हद्द तेरेखोल नदीपाशी संपावी असं नकाशा बघताच वाटतं. ती तिथे संपत नाही. नदी ओलांडून पलीकडच्या जांभ्या दगडाच्या कड्यावर चढते, किल्ल्यासह एक चिमुकलं गाव कवेत घेते आणि मगच थांबते. मागे लगेच रेडी, म्हणजे वेंगुर्ले तालुका, महाराष्ट्र. गोव्याचा हा तुकडा जमिनीने जोडलेला आहे तो फक्त महाराष्ट्राशी. पेडणे तालुक्याच्या बाकीच्या भागात जायचं तर मधे खाडी.

हे असं का, ते कड्यावर उभं राहिलं की कुणी सांगावं लागत नाही. खाली खाडीचं मुख, समोर केरीची वाळू आणि सुरूची झाडं, उजवीकडे उघडा समुद्र. गलबत आत शिरो की बाहेर पडो, इथल्या नजरेतून सुटणं कठीण. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात इथे किल्ला बांधला तो याच जाणिवेने, आणि १७४६मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला तोही त्याच जाणिवेने. पेडणे महाल त्यांच्या हाती कायमचा आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे आधी टोक घेतलं, मागचा मुलूख सावकाश. पुढे गलबतांची भीती सरली, तोफा निकामी झाल्या, किल्ल्यात हॉटेल आलं. हद्द तेवढी जिथल्या तिथे राहिली.

स्कॉटलंडच्या उत्तरेला असाच एक कडा आहे, ऑर्ड ऑफ केथनेस. केथनेस आणि सदरलंड या दोन जुन्या परगण्यांची सीमा त्याच्यावरून जाते. तोही ग्रॅनाइटचा, आमच्या नौबत पहाडासारखा. फक्त त्याच्या नशिबी समुद्र आहे. १५१३मध्ये सिंक्लेअर घराण्याचे लोक हिरवे कपडे घालून, सोमवारी, हा कडा ओलांडून फ्लॉडनच्या लढाईला गेले आणि तिथेच कापले गेले, असं सांगतात. तेव्हापासून त्या कुळात हिरवा रंग आणि सोमवारचं ऑर्ड ओलांडणं वर्ज्य. जवळच बॅडबी नावाच्या वस्तीचे अवशेष आहेत. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खोऱ्यांतून हुसकावलेली कुटुंबं तिथे कड्याच्या काठावर राहिली. वारा इतका, की गुरांबरोबर लेकरांनाही दोरीने बांधून ठेवत. सिंक्लेअरांच्या कथेपेक्षा ही दोरी मला जास्त अस्वस्थ करते. मोक्याची जागा राजांना हवी असते. वाऱ्यात मुलं वाढवायची वेळ दुसऱ्यांवर येते.

तेरेखोलच्या कड्यावरही माणसं अशीच आली, पण स्वतःहून. १५ ऑगस्ट १९५४ला गोवामुक्तीसाठी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने सीमा ओलांडून किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढे पोर्तुगिजांनी त्यांना पकडलं. वर्षभराने, त्याच तारखेला, पनवेलचे हिरवे गुरुजी इथे पोर्तुगिजांच्या गोळीला बळी पडले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हतं. ज्या कड्यासाठी राजांनी सैन्यं झुंजवली, तिथे हा शिक्षक रिकाम्या हाताने चालत गेला, हे आठवलं की माझा गळा दाटतो. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ला. किल्ल्यावर आलेल्या पाहुण्याने समुद्राकडे वळण्याआधी हिरवे गुरुजींच्या स्मारकापाशी थांबावं, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आज रेडीकडून येताना ना चौकी अडवते ना शिपाई. गाडीच्या नंबरपाट्या बदलतात, एवढीच हद्द. केरीहून येणारी फेरीबोट धक्क्याला लागते, तिच्यातून दुचाक्या, पिशव्या, शाळेची मुलं उतरतात आणि चढणीच्या रस्त्याने आपापल्या घरी जातात.