स्वातीचे पाहुणे

मालदीवला जाणारे बहुतेक लोक माले पाहतच नाहीत. विमानतळाचे बेट वेगळे. तिथे उतरायचे, धक्क्यावरच्या होडीत बसायचे, आणि कुठल्यातरी चिमुकल्या बेटावरच्या हॉटेलात जाऊन निळ्या पाण्याकडे पाहत पडायचे, असा तिकडचा शिरस्ता आहे. राजधानी बिचारी बाजूलाच राहते. 2018 साली विमानतळापासून शहरापर्यंत समुद्रावर पूल झाला, तेव्हापासून टॅक्सीने थोड्या वेळात मालेत पोचता येते. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना तिकडे जाण्याचा योग येईल त्यांनी निळ्या पाण्यातून एक दिवस काढावा आणि तो मालेत घालवावा. तिथली 1658 साली पोवळ्याच्या दगडात बांधलेली, आतून कोरीव कामाने भरलेली जुनी मशीद पाहावी, सकाळी मासळीबाजारात ट्यूना कापण्याची सफाई पाहावी. आणि हे सगळे पाहून झाले, की मोकळ्या मैदानात उभे राहून वर पाहावे. वर चतुर दिसतील.

चतुर पाहायला समुद्रापलीकडे जायचे म्हणजे उलट्या बांबूने बरेलीस जाण्यापैकी झाले, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे काय थोडे चतुर आहेत? भाद्रपद-आश्विनात भाताच्या खाचरांवर, शाळेच्या मैदानावर, अगदी चाळीच्या गच्चीवरही ते घिरट्या घालत असतात. त्यांच्या शेपटीला दोरा बांधण्याचा अघोरी खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी खेळलेला असेल. मालेतला चतुर हा तोच. पिवळसर सोनेरी अंगाचा, जेमतेम पाच सेंटिमीटर लांब, मागच्या पंखांचा बुडखा चांगला रुंद. फॅब्रिसियस या पंडिताने 1798 साली त्याला शास्त्रीय नाव दिले. हल्ली त्याला पँटाला फ्लेव्हेसेन्स म्हणतात. दिसायला अगदी साधा. त्याच्यात नवल आहे ते तो तिथे असण्यात.

ते आमच्या सौभाग्यवतींच्या लक्षात आधी आले. पुस्तकी माहितीचा भार डोक्यावर नसला की माणसाला साधे प्रश्न लवकर सुचतात. मैदानावर शेपन्नास चतुर तरंगत होते. मी कॅमेरा सरसावत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अहो, पण सकाळपासून फिरतोय, इथं एक तरी डबकं दिसलं का? मग हे जन्मतात कुठं?"

प्रश्न बिनतोड आहे. चतुराचे बालपण पाण्यात जाते. मादी गोड्या पाण्यात अंडी घालते, त्यातून निघालेली पिल्ले पाण्यातच डासांच्या अळ्या वगैरे खाऊन वाढतात आणि मग काडीवर चढून, कात टाकून उडून जातात. मालदीवची बाराशेच्या आसपास बेटे म्हणजे पोवळ्यांच्या वाळूचे ढीग. समुद्रापासून त्यांची उंची सरासरी दीड मीटर. तिथे नदी नाही, ओढा नाही. पाऊस पुष्कळ पडतो, पण पडला की वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखा तरंगत राहतो. दूर दक्षिणेला फुवामुला बेटावर दोन गोडी तळी आहेत, पण मालेच्या बाजूला नाव घेण्यासारखे काही नाही. माणसांनासुद्धा तिथे समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून प्यावे लागते. 2014 च्या डिसेंबरात त्या कारखान्यात आग लागली, तेव्हा अख्खे शहर तहानलेले राहिले आणि भारतातून विमानांनी व जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवावे लागले. अशा गावात ऑक्टोबर सरता सरता हजारो चतुर कुठून उपटतात?

चार्ल्स अँडरसन नावाचे एक इंग्रज समुद्रजीवशास्त्रज्ञ 1983 साली मालदीवमध्ये कामाला आले. काम मासे आणि देवमासे यांचे. पण हा प्रश्न त्यांच्याही मनात शिरला. 1996 पासून त्यांनी पद्धतशीर टिपणे ठेवायला सुरुवात केली: मालेत पहिला चतुर कोणत्या तारखेला दिसला, वारा कुठला होता, पाऊस होता का. होड्यांवरची, इतर बेटांवरची, दक्षिण हिंदुस्थानातली, आफ्रिकेजवळच्या सेशेल्स बेटांवरची अशी जिथून मिळेल तिथून माहिती जमवली. बारा-तेरा वर्षे हा उद्योग चालला. त्यांना कोणी नेमले नव्हते की अनुदान दिले नव्हते. 2009 साली त्यांनी सगळे एकत्र मांडले, तेव्हा एक सरळ रेघ दिसू लागली. दक्षिण भारतात सप्टेंबरच्या अखेरीला चतुरांची गर्दी होते, मालेत ती सरासरी 21 ऑक्टोबरला पोचते, सेशेल्समध्ये नोव्हेंबरात, आणि अल्डाब्रा या त्याहून पलीकडच्या बेटावर डिसेंबरात. म्हणजे आपल्या देशातून निघालेले चतुर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जात होते. वाटेत साडेतीन हजार किलोमीटर पाणी, त्यात मालदीव म्हणजे जेमतेम टेकण्याची फांदी.

यात एक अडचण होती. ऑक्टोबरात मालेला वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे येणाऱ्याच्या तोंडावर. एक तृतीयांश ग्रॅम वजनाचा किडा सहाशे किलोमीटर समुद्र उलट्या वाऱ्यात कापील हे अशक्य. अँडरसन यांनी उत्तर शोधले ते वर आकाशात. खाली वारा पश्चिमेचा असला तरी हजार मीटरच्या वर तो त्या दिवसांत ईशान्येकडून वाहू लागलेला असतो. मोसमी पाऊस परतताना ढगांचा जो पट्टा विषुववृत्ताकडे सरकत जातो, त्याच्या मागोमाग हा वारा येतो. चतुर त्या उंचीवर चढतात आणि पंख पसरून त्यावर स्वार होतात. मागच्या पंखांचा तो रुंद बुडखा कशासाठी, हे इथे कळते. उंचीची त्यांना भीती नाही; हिमालयात सहा हजार मीटरच्या वरही हा चतुर आढळला आहे.

आणि जायचे कशासाठी? तर पावसासाठी. ढगांचा तो पट्टा जिथे जातो तिथे डबकी साचतात, आणि नव्या डबक्यात मासे नसतात. इतर चतुरांच्या पिल्लांना मोठे व्हायला कधीकधी वर्ष लागते. ही पिल्ले दीड-दोन महिन्यांत, पाणी आटायच्या आत, पंख फुटून मोकळी होतात. आपल्याकडचा पाऊस संपला की पूर्व आफ्रिकेतला सुरू होतो, पुढे दक्षिण आफ्रिकेतला, मग वसंतात पुन्हा पूर्व आफ्रिकेतला. आणि शेवटी सोमालियाच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या जोरकस वाऱ्याबरोबर आपला मोसमी पाऊस. सगळी फेरी चौदा ते अठरा हजार किलोमीटरांची. एका चतुराच्या आयुष्यात ती पुरी होत नाही. चार पिढ्या लागतात. आपल्या खाचरावरून निघालेला परत येत नाही, त्याची पणतवंडे येतात, आणि ती कधी इथे आलेली नसतात.

मालेच्या लोकांना पाहुण्यांचे हे येणे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि त्यांनी ठेवलेले नाव ऐकून मला तर गंमतच वाटली. ते चतुराला ‘हेय नकइ धूनी’ म्हणतात. धूनी म्हणजे पाखरू. नकइ म्हणजे काय हे सांगायला नको. ते आपले नक्षत्र. मालदीवची दिवेही भाषा सिंहलीची बहीण, म्हणजे आपलीही लांबची नातलग. तीनला ते ‘तिने’ म्हणतात. धर्म बदलून आठ शतके लोटली तरी कोळ्यांनी हवामानासाठी सत्तावीस नक्षत्रांचे पंचांग ठेवले. आथा, हिथा, हेय, विहा असा त्यांचा क्रम; आपल्या हस्त, चित्रा, स्वाती, विशाखा यांच्यापुढे तो ठेवून पाहा. हेय म्हणजे स्वाती. आपल्याकडे सूर्य स्वातीत जातो तो 23-24 ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो हे आपण आजीकडून ऐकलेले असते. मालेच्या कोळ्याला त्या नक्षत्रात पाखरू दिसते, आणि तारखेच्या बाबतीत त्याचे पंचांग शास्त्रज्ञाच्या टिपणांशी जुळते.

हे सारे खरे कशावरून, असे विचारणारे लोक असतात आणि असावेत. 2012 साली कीथ हॉब्सन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने अँडरसन यांच्या जोडीने याचा एक सुरेख पुरावा काढला. पावसाच्या पाण्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडा जड हायड्रोजनही असतो, आणि त्याचे प्रमाण प्रदेशाप्रदेशात वेगळे असते. पिल्लू ज्या डबक्यात वाढते तिथल्या पाण्याची ही खूण त्याच्या पंखांत कायमची उमटते. मालदीवात पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले, तेव्हा ती खूण दक्षिणेकडची निघाली नाही, उत्तर भारत आणि त्याच्याही पलीकडच्या मुलखाची निघाली. म्हणजे समुद्रावर येण्यापूर्वीच त्यांचे हजार-दोन हजार किलोमीटर झालेले होते! मालेतले चतुर आपल्या मुळशी-मावळचे, असा दावा करायला मला आवडले असते. पण पंखांची साक्ष उत्तरेची आहे. पुढे 2016 साली अमेरिकेतल्या जेसिका वेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, कोरिया, भारत, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतल्या चतुरांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहिली. ती इतकी मिळतीजुळती निघाली, की जगभरचे हे चतुर म्हणजे एकच मोठे गणगोत असावे असे त्यांना वाटले. आणि 2021 साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या योहाना हेडलुंड यांनी हिशेब मांडला: अंगातल्या चरबीवर हा किडा फार तर नव्वद तास पंख मारू शकेल. तेवढ्यावर समुद्र संपत नाही. योग्य वारा पकडला तरच पार, नाहीतर पाण्यात. वारा कधी पडतो, कधी फिरतो. निघालेल्यांतले कितीतरी पोचत नसणार.

अँटेना लावलेला चतुर मात्र अजून कोणी समुद्रापार नेऊन दाखवलेला नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. अमेरिकेत एका मोठ्या जातीच्या चौदा चतुरांना रेडिओ चिकटवून विमानाने त्यांचा पाठलाग झाला होता. तो रेडिओ तीनशे मिलिग्रॅमचा होता. आपल्या चतुराचे सबंध वजनच तेवढे.

अलीकडे किड्यांच्या प्रवासाची अशी बरीच बातमी येते. 2013 च्या ऑक्टोबरात दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर काही थकलेली, पंख फाटलेली फुलपाखरे सापडली. तिकडे ती जात नसतेच. त्यांच्या अंगावरचे परागकण तपासले तर ते पश्चिम आफ्रिकेतल्या झुडपांचे. त्यात आपल्या बोरीच्या गोतातले एक झाड होते. अटलांटिक ओलांडून किमान 4,200 किलोमीटर ती आली होती, हे 2024 साली जाहीर झाले. आणि ऑस्ट्रेलियातला बोगाँग नावाचा करडा पतंग हजार किलोमीटर दूरची डोंगरातली गुहा चांदण्यांच्या आधाराने गाठतो, असे 2025 साली प्रयोगाने सिद्ध झाले. पण हे वेगळे लेख होतील.

चतुरांच्या वाटेवर आणखी एक प्रवासी आहे. आमूर ससाणा हा कबुतराएवढा पक्षी सैबेरिया-चीनकडून निघून नागालँडमध्ये उतरतो आणि नोव्हेंबरात भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला जातो. समुद्रावर तो खातो काय? अँडरसन यांचा तर्क असा, की त्याच वाऱ्यावर जाणारे चतुर खातो. याच ससाण्यांची 2012 साली नागालँडच्या दोयांग जलाशयावर जाळी लावून लाखाच्या घरात कत्तल झाली. बातमी आणि छायाचित्रे जगभर गेली. गावच्या पंचायती, चर्च आणि सरकार यांनी मनावर घेतले, आणि 2013 साली त्याच गावांत एकही जाळे लागले नाही. इतक्या लवकर असे काही आपल्या देशात झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्या वर्षी तीन ससाण्यांना उपग्रहाशी बोलणारी यंत्रे लावली, आणि ज्या गावाने त्यांना मारले होते त्याचेच नाव, पांगती, एकीला दिले.

चतुरासाठी मात्र कोणी असे करील असे वाटत नाही. त्याला लागते ते डबके, आणि डबके बुजवणे हे शहाणपणाचे काम मानले जाते. खाचरात औषध फवारले की डासांच्या अळ्यांबरोबर त्या खाणारेही मरतात. मालेत हजारोंनी दिसणाऱ्या या चतुरांचा पाळणा मालेत नाही. तो आपल्याकडे आहे.

डिसेंबर सरला की मालेवरचे आकाश रिकामे होते. मे महिन्यात थोडे चतुर पुन्हा दिसतात, पण ते टेकत नाहीत फारसे. उलट दिशेला निघालेले असतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत केरळात पाऊस पोचल्याची बातमी रेडिओवर येते.