टोचन

२००५ च्या जुलैअखेरीस पंचगंगेनं पात्र सोडलं, तेव्हा माझ्याकडं एक जुनी डिझेल जीप होती. नुसत्या शेतीवर भागत नव्हतं म्हणून वडापासाठी घेतलेली. चालवायला गावातलाच वीस-बावीस वर्षांचा पोरगा ठेवला होता. हात चांगला, बोलणं कमी.

त्या दिवशी बहिणीला तिच्या गावी सोडून आम्ही दोघं परत येत होतो. गावाच्या अलीकडं ओढा आहे. नदी भरली की ओढ्याला फूग येते. पाणी पुढं सरकत नाही, नुसतं वर चढत राहतं. धार नसते, म्हणून माणसाला भीतीही वाटत नाही. पोरानं गाडी थांबवली.

"आण्णा, मागं फिरूया. पाणी बॉनेटला लागंल."

"सकाळी ह्यातनंच गेलो की."

"सकाळी गुडघाभर हुतं."

"घाल म्हणतोय न्हवं!"

त्यानं घातली. निम्म्यात गेल्यावर पंखा पाणी मारायला लागला, बॉनेटच्या फटीतनं फवारे उडाले. इंजिनचा आवाज जड झाला, त्यानं दोन आचके दिले आणि गप्प झालं. मी म्हणालो, "मार सेल्फ." सेल्फ टक् करून जागच्या जागी अडकला. पोरगा म्हणाला, "आत पाणी गेलंय आण्णा. आता फिरवाय नको. आधी एअर क्लीनर उघडून बघू."

"तू मिस्त्री हाईस व्हय?" मी त्याला गप्प केलं.

मागनं एक ट्रॅक्टर आला. दोर बांधून त्यानं आम्हाला कोरड्यात ओढलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, गिअरात टाका, टोचनवर सुरू हुईल. मी मान हलवली. पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि क्लच सोडला. मागची चाकं फरफटली, आत खाडदिशी काहीतरी वाजलं, आणि इंजिन लागलं. मला आनंद झाला. पण सायलेन्सरमधनं पांढरा धूर निघत होता आणि आत कुणी हातोडी मारावी तसं खट-खट वाजत होतं.

संध्याकाळी चौकात चार माणसं जमली. त्यात पोराचा बापही होता. मी म्हणालो, "ह्यानं गाडी बुडवली. दोन महिन्यांचा पगार कापणार." पोरगा खाली बघत उभा राहिला. बापानं काही न बोलता टोपी सारखी केली.

पाणी ओसरल्यावर गाडी तालुक्याच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "चालवत कोण हुतं? त्याला घिऊन या." मी पोराला बोलावून आणलं.

"बंद पडली ती खाडदिशी, का गुदमरत?"

"गुदमरत. दोन आचके दिले आन् थांबली."

"मग फिरवली का?"

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मीच म्हणालो, "सेल्फ मारला. अडकला. मग टोचन केलं."

मिस्त्री हं म्हणाला आणि कामाला लागला. ऑइलची काडी ओढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. एअर क्लीनरची वाटी काढली, तर खाली गढूळ पाणी आणि वर तेलाचा तवंग. मग इंजिन क्षणभर सुरू करून एकेका नॉझलच्या पायपाचा नट ढिला केला. पहिला, दुसरा, चौथा ढिला केला की इंजिन लंगडायचं. तिसऱ्याला आवाजात काही फरकच पडला नाही. "हा मेलाय," तो म्हणाला.

हेड उतरवल्यावर त्यानं मला वाकून बघायला लावलं. दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर येतात. दुसरा काठापर्यंत आला होता, तिसरा अर्धं सूत खालीच.

"कनेक्टिंग रॉड वाकलाय. हवा दाबली जाती, पाणी दाबत न्हाई. पिस्टन वर आला, पाण्याला जायला वाट न्हवती, मग रॉडच वाकला."

"म्हंजे ओढ्यातच वाकला," मी म्हणालो.

"ओढ्यात गुदमरून गप्प झालं, तवा रॉड शाबूत असणार. सेल्फ अडकला, तेबी इंजिन सांगतच हुतं, आत पाणी हाय म्हणून. तवाच चारी नॉझल काढून हातानं फिरवलं असतं, तर पाणी पिचकारीसारखं भाईर पडलं असतं. ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचं, झालं. ट्रॅक्टरनं वडलं आन् मोडलं."

पोरगा हेच म्हणत होता. तिथं तो काहीच बोलला नाही, ते मला जास्त लागलं.

त्या रात्री त्याच्या घरी गेलो. बापाच्या हातात पैसे ठेवले आणि चूक माझी होती म्हणालो. पण बोल लावला होता चौकात, आणि चूक कबूल केली घरात, कंदिलाच्या उजेडात. हा हिशेब बरोबर नव्हता, हे मला ठाऊक होतं. पोरगा माझ्या गाडीवर परत आला नाही. त्या मिस्त्रीच्या हाताखाली राहिला.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर त्याहून मोठा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर त्या पोराच्या गॅरेजपुढं मोटारसायकलींची रांग लागली. पोरगा कसला, कानाजवळ केस पिकलेले. मीही माझी गाडी ढकलत नेली होती. तो प्रत्येकाला आधी एकच विचारायचा, "पाण्यातनं काढल्यावर किक मारली का?" मग प्लग काढायचा, इंजिनमधलं पाणी काढायचा, कार्बोरेटर रिकामा करायचा, ऑइल सोडायचा. घाई नाही.

एक बाप आपल्या पोराला घेऊन आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्या शहाण्यानं वाट लावली गाडीची." पोरगं खाली बघत उभं राहिलं.

मी बाकावरनं उठलो. म्हणालो, "त्याला आधी बोलू द्या. माझी जीप मी मोडली हुती, आन् नाव ह्या मिस्त्रीचं घेतलं हुतं. चौकात."

रांगेतली माणसं गप्प झाली. तो वाकून प्लग काढत होता, तसाच काढत राहिला. थोड्या वेळानं हात पुसून त्यानं हाक मारली, "आण्णा, आणा तुमची गाडी. किक मारली न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. खरंच मारली नव्हती.