राखून ठेवलेली पुस्तकं

काही पुस्तकं मी राखून ठेवली आहेत. त्यांत कथा-कादंबऱ्या नाहीत. कादंबरी हाती आली की ती आपला वेळ आपणच काढून घेते. रात्र जागवते, गाडीतलं उतरायचं स्टेशन चुकवते. मी राखलेली पुस्तकं इतिहासाची, शास्त्राची, कोशवाङ्मयाची आहेत. कुणीतरी आयुष्याची उमेदीची वर्षं ओतून लिहिलेली. त्यांच्याकडे हातातली कामं आवरून, पाय धुऊन जावंसं वाटतं.

त्यांत पहिलं शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’. दीक्षित मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, १८५३चा जन्म, पेशा शिक्षकाचा. हा ग्रंथ १८९६ साली निघाला आणि १८९८ साली ते गेले. अधूनमधून मी तो उघडते, पण सलग वाचन अजून बाकी आहे. शतपथ ब्राह्मणात एक उल्लेख येतो, की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पाठांतरात टिकलेलं हे विधान दीक्षितांनी आकाशाला लावून पाहिलं. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश आपली दिशा बदलतो; त्याचं एक आवर्तन पुरं व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागाही सरकत राहतात. मग कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत असतील तो काळ कोणता? दीक्षितांनी गणित मांडलं आणि उत्तर काढलं : इसवी सनापूर्वी सुमारे ३,००० वर्षं. या अनुमानावर पुढे विद्वानांत वाद झाले. त्या वादांसकट मला हा ग्रंथ वाचायचा आहे, आणि तोही कार्तिकात, पाऊस पुरता सरल्यावर, दिव्यांपासून लांब असलेल्या एखाद्या गच्चीवर. त्या दिवसांत सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात कृत्तिकांचा पुंजका वर येतो. आता तो महाराष्ट्रातून पाहिला तर पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे उगवतो. त्या २५ अंशांत केवढा काळ सरला आहे, हे डोळ्यांनी पाहायचं आणि मग दिव्याखाली येऊन पान उलटायचं. हे असं वाचन दोन कामांच्या मधल्या फटीत उरकता येत नाही.

दुसरी रांग श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’ची. खंड २३, प्रकाशन १९२०च्या दशकातलं. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून आले होते. कोशासाठी त्यांनी भागभांडवल उभारून मंडळी काढली, माणसं जमवली, वर्गणीदार मिळवले. कोश म्हटला की ‘अ’पासून आरंभ, अशी आपली समजूत असते. केतकरांनी मात्र ‘अ’च्या आधी प्रस्तावनेचेच पाच खंड लिहिले : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. सुटी माहिती हातात ठेवण्याआधी मराठी वाचकाला त्यांनी जगाच्या मधोमध उभं केलं आणि चहूकडे पाहायला लावलं.

त्यातलं पुष्कळसं आज जुनं झालं आहे. देशांच्या सीमा बदलल्या, लोकसंख्येचे आकडे बदलले, विज्ञान तर कुठच्या कुठे गेलं. तरीही ते पाच खंड मला ओळीने वाचायचे आहेत. माहिती शिळी होते. ती मिळवण्यामागची जिज्ञासा शिळी होत नाही. शंभर वर्षांपूर्वी मराठीत बसून एका माणसाने सगळ्या जगाबद्दल कोणते प्रश्न विचारले, कशाला महत्त्व दिलं, काय त्याच्या नजरेतून निसटलं, हे आता फक्त त्या पानांतच सापडणार आहे. आपली भाषा सगळं जग पेलू शकते, असं नुसतं म्हणणं सोपं असतं. केतकरांनी ते खंडामागून खंड काढून दाखवलं.

अशी पुस्तकं वाट पाहू शकतात, हे मला ताराबाई शिंद्यांनी शिकवलं. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. सुरतेतल्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने साऱ्या बायकांना दूषणं दिली जात होती, तो संताप त्यांनी शब्दांत उतरवला. जोतीराव फुल्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. पुढे ते विस्मृतीत गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधल्या ९३ वर्षांत त्या मजकुराचा एक शब्दही कमी धारदार झाला नाही. जेमतेम चार-पाच डझन पानांचं ते पुस्तक मी एका बैठकीत वाचलं, आणि न वाचलेल्या पुस्तकांकडे पाहण्याची माझी रीतच बदलली.

एक पुस्तक मात्र कुणालाच वाचायला मिळणार नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांनी शिवचरित्र लिहायचं योजलं होतं. पानिपतच्या रणभूमीचा इतक्या कठोरपणे मागोवा घेणारा हा इतिहासकार शिवाजी महाराजांवर लिहिणार होता. १९६३ साली ते गेले आणि चरित्र राहून गेलं. दुसऱ्या वर्षी प्रस्तावना, आराखडा आणि जमवलेली साधनं ग्रंथरूपाने आली. न लिहिलेल्या प्रकरणांचा आराखडा वाचताना जीव हळहळतो, पण त्याहून अधिक आदर वाटतो. शेवटचा शब्द आपल्या हातून लिहून होईल की नाही हे ठाऊक नसताना माणूस साधनं गोळा करत राहतो, तारखा ताडून पाहत राहतो, ते कुणासाठी? ज्याला तो कधीच भेटणार नाही अशा वाचकासाठी. त्या वाचकांत मीही आहे, म्हणून माझा वेळ मी या माणसांसाठी राखून ठेवते.

आणि एक पुस्तक असं आहे, जे माझ्या हाती अजून आलेलंच नाही. मराठी छपाईचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला आहे. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचं नाव आपल्याला माहीत आहे, देखणी अक्षरं कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंचंही. पण मला जुळाऱ्यांचं पुस्तक हवं आहे. देवनागरीची जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या मिळून शेकडो निरनिराळे शिशाचे खिळे. ते खणाखणांतून उचलून उलटी ओळ जुळवणारी ती बोटं. केतकरांच्या कोशाचं अक्षर न्‌ अक्षर अशाच हातांखालून गेलं. त्यांना पगार काय मिळे, दिवसभर उभं राहून पाय किती दुखत, शिशाने छातीचं काय होई, जुळवलेल्या मजकुरातलं त्यांच्या मनात काय उरे, लेखकाची चूक कुणी गुपचूप दुरुस्त केली का? खिळे जुळवलेली वडीलधारी माणसं अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना हे विचारायला हवं.

कुणी ते पुस्तक लिहायला घेतलं असेल, तर त्याने घाई करू नये आणि पानांची कंजुषी करू नये. दहा वर्षं लागली तरी चालतील. ते निघेल तेव्हा राखलेल्या पुस्तकांच्या रांगेत मी त्याला ठेवणार नाही. त्याच दिवशी वाचायला घेईन.