चार तारा, कोरडवाहू

आमच्या भंडारा जिल्ह्यात माणसाची ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "किती एकर?" नाव, गाव, मुलंबाळं हे सगळं मागाहून. धानाचा मुलूख आहे. माणूस बांधीवरून मोजायचा, ही इथली रीत. मागे एकदा एसटीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या मांडीवरच्या लांबट पेटीकडे पाहत हाच प्रश्न केला. मी म्हटलं, "चार तारा." त्यांनी क्षणभर विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "वलिताच्या का कोरडवाहू?"

गेली २८ वर्षं मी या चार तारांवर घर चालवतो आहे. शपथेवर सांगतो, कोरडवाहू.

नोकरी नाही, पेन्शन नाही, डोक्यावर साहेब नाही. व्हायोलिन वाजवायचं आणि शिकवायचं, बोलावतील तिथं जायचं. या प्रकाराला शहरात फ्रीलान्स म्हणतात. आमच्याकडे त्या शब्दाचा पूर्वार्धच तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला. गणपती असो, कोजागरी असो, कुणाची एकसष्टी असो, निरोप ठरलेला. "मास्तर, तुमचा अर्धा तास पाहिजे. चहा-नाश्ता आपल्याकडे." मांडववाला पैसे घेतो, खुर्च्यावाला घेतो, माइकवाला तर आगाऊ घेतो. हारवाला रोख मोजून घेतो, आणि तोच हार माझ्या गळ्यात घातला की माझाही हिशेब चुकता झाला असं मंडळी समजतात. वर एक नारळ. आमच्या घरात वर्षाकाठी नारळ विकत आणावा लागत नाही, एवढं मात्र खरं.

माझं पीक येतं हिवाळ्यात. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, मंडया भरू लागतात. दिवसा मंडई, एखाद्या गावी शंकरपट आणि रात्री नाटक. (पट मधे बंद होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि पुन्हा परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. तेवढी वर्षं बैल आराम करत होते. नाटकवाल्यांना तशी सुट्टी कोणत्याच न्यायालयानं दिली नाही.) नाटक कंपन्यांचा मुक्काम वडसा देसाईगंजला, तिथून होळीपर्यंत गावोगाव. पुण्यामुंबईकडच्या पुष्कळांना ही रंगभूमी कळली ती २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा. आमच्याकडे तिच्यासाठी लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि नाटकाच्या निमित्तानं सोयरिकीसुद्धा जमतात.

नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि कोंबडा आरवला की संपतं. बहुतेक वेळा कौटुंबिक. म्हणजे त्यात एक सून असते, एक सासू असते, एक दारुडा असतो आणि एक आई असते. ही आई शेवटच्या अंकात मरते. तिथं व्हायोलिन लागतं. कामाची वाटणी अगदी स्वच्छ आहे : तबलजी नाचाला, ऑर्गनवाला पदाला आणि मी मयताला. चांगल्या हंगामात मी ४० आया पोचवलेल्या आहेत. पौषातली थंडी, पहाटेचे तीन, अंगावर दोन स्वेटर. तारा चढतात, बोटं उतरतात. पण समोर सतरंजीवर बसलेली, दिवसभर धान चुरून आलेली एखादी बाई पदर डोळ्याला लावते, आणि बोटं आपोआप सरळ होतात. जाणकारांच्या माना डोलताना मी पाहिल्या आहेत. त्या बाईच्या पदराची सर त्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणकारांनी रागावू नये. त्यांनीही नारळच दिला होता.

मग कीबोर्ड आला. त्यावर एक बटण असतं, ते दाबलं की व्हायोलिन वाजतं. एका कंपनीच्या मॅनेजरनं मला ते मोठ्या प्रेमानं दाखवलं. "अगदी तुमच्यावानीच आवाज येते जी मास्तर. अन् थो चहा बी पेत नाही." माझ्या ४० रात्रींच्या १५ झाल्या. आता व्हायोलिनला पडदे नसतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायची सबंध वाट बोटाखाली मोकळी असते, आणि रडणं सगळं त्या वाटेवरच असतं, मुक्कामावर नसतं. बटणाची आई पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत मरते. हे मी मॅनेजरला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण मरते ना?" यावर काय बोलणार?

लग्नात पूर्वी स्वागत समारंभाला बोलावणं यायचं. व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई अशी जुगलबंदी ऐकलेला एखादा वधुपिता असे. त्याला तसलं काहीतरी मंद हवं असायचं. अलीकडे धुमाल असते. धुमाल ज्यांनी ऐकलेली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही, आणि ज्यांनी जवळून ऐकली त्यांना आता काही सांगितलेलं ऐकू येत नाही. तिच्यापुढं व्हायोलिन म्हणजे वैनगंगेच्या पुरात पणती सोडणं.

राहिल्या शिकवण्या. दहावीला संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून पालक आपण होऊन येतात. "लवकर काय येईल जी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. व्हायोलिन लवकर येत नाही. प्रभाकर जोगांनी व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकू येतील असं वाजवलं, म्हणून त्याला 'गाणारं व्हायोलिन' म्हणायचे. नवशिक्याच्या हातात पहिले सहा महिने ते बोलतसुद्धा नाही. वंगण न दिलेल्या बंडीच्या आसासारखं नुसतं कण्हतं. आमचं गाव पितळेच्या भांड्यांचं. ठोक्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनीही एकदा विचारलं, "मास्तर, हे दुरुस्त नाही का होत?"

त्यात आमची हवा. पावसाळ्यात खुंट्या फुगून बसतात, पिळता पिळत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं गेला की त्याच खुंट्या आटतात आणि रात्री अकरा वाजता आपोआप सुटून टणत्कार करतात. घरात चोर शिरला म्हणून आम्ही दोनदा उठलो आहोत. सरसानं जोडलेली लाकडाची शिवण उकलली तर गाठायचं नागपूर.

शिकवणीची फी महिन्याला ५०० रुपये. महिना कोणता, हे सरकारी धान खरेदीवर अवलंबून असतं. "चुकारे आले का देतो जी मास्तर." त्यामुळे बोनस जाहीर होणार का, खरेदी केंद्रात बारदाना आहे का, याची जेवढी काळजी शेतकऱ्याला, तेवढीच मला. महाराष्ट्रात पेपर उघडून आधी धानाचा भाव बघणारा व्हायोलिनवादक दुसरा नसावा. काही जण तांदूळ आणून देतात. रोवणी लागली की विद्यार्थी महिनाभर बांधीत आणि मी मोकळा.

या सगळ्यात एक पोरगी आली. पवनी तालुक्यातली, दर शनिवारी एसटीनं यायची. रोवणीच्या दिवसांतसुद्धा यायची, नखांत चिखल घेऊन. दुसऱ्या वर्षी एके दिवशी तिनं भूप धरला आणि गांधार असा जागेवर लावला की स्वयंपाकघरातला कुकर एकदम गप्प झाला. बायकोनं गॅस बंद केला होता. २८ वर्षांत माझ्या वादनासाठी तिनं गॅस बंद केलेला नाही.

पुढं तिला खैरागडला पाठवावं असं माझ्या मनानं घेतलं. तिथल्या राजानं आणि राणीनं आपल्या अकाली गेलेल्या लेकीच्या, इंदिरेच्या, नावानं राजवाडा देऊन टाकला आणि १९५६ साली त्यात संगीताचं विद्यापीठ सुरू झालं. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते आले, टोपी काढून बसले आणि चहा यायच्या आत त्यांनी विचारलं, "पोट भरते का जी याच्यावर?"

दुसऱ्या कुणाला मी कलेबिलेचं काही ऐकवलं असतं. पण त्या माणसाच्या पोरीच्या आयुष्याचा सवाल होता. मी सगळा हिशेब काढून ठेवला. नाटकाच्या १५ रात्री, शिकवण्या इतक्या, लग्नं दोन नाही तर तीन, पावसाळ्यात शून्य, नारळ असंख्य. भाव आपण ठरवायचा नाही, दुसऱ्यानं ठरवायचा. पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. ते बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले, "धानावानीच हाये म्हना ना."

"तसंच."

"तुडतुडा लागते का याले?"

"लागतो ना," मी म्हटलं. "कीबोर्ड."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. पोरगी दाराशी उभी होती, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे खैरागड कोनतीकडे आलं?"

"डोंगरगडला उतरायचं. तिथून बस."

"बम्लेश्वरीच्या डोंगरगडले?" त्यांचा चेहराच बदलला. "तिथं तं आमी दर नवरात्रात जातो जी!" मग थोडं थांबून, "खान्याचं कसं? भात असते का तिकडे?"

"छत्तीसगड आहे हो. भातच असतो."

"मंग ठीक हाये." त्यांनी फॉर्म घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि टोपी घातली. "उन्हाळी धानाचे चुकारे आले का भरून टाकतो."

चुकारे काही आले नाहीत. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मीच पैसे भरले. मागल्या हंगामातल्या दोन आया त्यात गेल्या.